आयतं शून्य

तात्यांना जावई मनापासून आवडत होता, पण हे त्यांनी आजवर कोणाला कळू दिलं नव्हतं. जावयाला तर नाहीच नाही. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं ते आल्यागेल्याला सांगत. आणि हा ग्रह आपल्याच हाताखाली शिकला, आपल्याच खुर्चीत बसला आणि वर आपलीच लेक घेऊन गेला, हेही न विसरता जोडत. आता याच ग्रहाच्या हाती त्यांचं आयुष्यभराचं काम येऊन पडलं होतं.

ते काम म्हणजे एक प्रोग्राम. तात्या निवृत्तीपर्यंत पूर-अंदाज केंद्रात होते. वर डोंगरात किती पाऊस पडला ते सांगितलं, की खाली शहरातल्या जुन्या पुलापाशी पाणी किती चढेल, ते त्यांचा प्रोग्राम सांगायचा. तरुणपणी लिहिलेला, पुढं वाढवत नेलेला आणि तळहाताच्या फोडासारखा जपलेला. केंद्रात त्याला कोणी प्रोग्राम म्हणतच नसे. नदी फुगायला लागली की संचालकांपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे एकच विचारत, "तात्यांचं पाणी काय म्हणतंय?" आणि तात्यांचं पाणी म्हणेल त्यावर नदीकाठच्या गल्ल्या रिकाम्या करायच्या की नाही, ते ठरे.

मोठ्या पुराच्या वर्षी या पाण्यानं सांगितलेली पातळी आणि ओसरताना पुलाच्या खांबावर चिखलानं ओढलेली रेघ, या दोहोंत बोटभराचंही अंतर नव्हतं. माणसं वेळेत हलवली होती. त्या एका रेघेवर तात्या पुढचं सगळं आयुष्य ताठ मानेनं जगले. कधी पुलावरून जाणं झालंच तर कठड्यावरून वाकून खांबाकडे बघायचे, आणि बरोबर कोण असेल त्याला ती रेघ दाखवायचे. रेघ केव्हाच धुऊन गेली होती. पण बघणाराही मान डोलवी, कारण न डोलवून सुटका नसे.

पण संगणक काही अमरपट्टा बांधून येत नाहीत. केंद्रातलं जुनं यंत्र धापा टाकायला लागलं, त्याचे सुटे भाग मिळेनात, आणि त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांनी तर तिच्या नावानं केव्हाच आंघोळ केली होती. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकातली घर चालवणारी. कोणाला कुठं जागा द्यायची, कोणाचं सामान कुठं ठेवायचं, कोण गेल्यावर काय आवरायचं, हे सगळं ती बघते आणि ती आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. आता घर नवं, घर चालवणारीही नवी, आणि तात्यांच्या पाण्याचं बिऱ्हाड तिच्याकडे हलवायचं होतं. संचालकबाईंनी हे काम जावयाला दिलं. दुसरं कोणी तात्यांच्या तोंडी लागायला तयार नव्हतं, हे खरं कारण त्यांनी कागदावर लिहिलं नाही इतकंच.

याच सुमाराला माई, म्हणजे तात्यांच्या सौभाग्यवती, बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून तिच्याकडे जाऊन राहिल्या होत्या. तात्यांना एकटं ठेवणं म्हणजे गॅसवर दूध ठेवून बाजारात जाणं, हे माईंना पक्कं ठाऊक. म्हणून त्यांनी नवऱ्याची बॅग भरून त्याला लेकीकडे पोचता केला. त्यामुळं जावई दिवसभर केंद्रात तात्यांच्या प्रोग्रामशी झुंजायचा आणि संध्याकाळी घरी आला की दारात खुद्द तात्या उभे असायचे.

"काय म्हणते तुमची नवी सिस्टिम?"

"तात्या, आधी चप्पल काढू का?"

सुरुवातीची भांडणं किरकोळ होती. जुनी सिस्टिम फाइलच्या नावातली इंग्रजी अक्षरं मोठी की छोटी, याकडे कानाडोळा करायची. नवी इतकी शिष्ट, की एक अक्षर मोठं झालं तर ‘या नावाचं इथं कोणी राहत नाही’ म्हणून दार लावून घ्यायची. जावयानं सगळी नावं सारखी केली. मग एकदाची मुख्य नदी नव्या घरात वाहायला लागली, आणि आकडे जुन्याशी शेवटच्या दशांशापर्यंत जुळले. त्या दिवशी तात्यांनी दोनदा चहा मागितला आणि जावयाला ‘बरं करताय’ असंही म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे शाल-श्रीफळच.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. मुख्य नदीला उपनद्या जोडल्या, की गाडी घसरायची. पहिली उपनदी बरोबर. दुसरीत पाणी जरा जास्त. तिसरीत इतकं, की पूल सोडा, संचालकबाईंची तिसऱ्या मजल्यावरची केबिनसुद्धा बुडावी. आणि तेच पुन्हा चालवलं तर उत्तर वेगळंच! मोठ्या पुराच्या वर्षाचे आकडे घातले तर खांबावरची ती रेघ एकदा पुलाखाली, एकदा पुलावर. कुठं तरी पाणी मुरत होतं, आणि इथं ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं.

अनुभवी माणसाला अशा वेळी पहिली शंका येते ती जावयालाही आली होती. जेवताना त्यानं हळूच विचारलं, "तात्या, उपनदीचं पाणी बेरजेत घ्यायच्या आधी संगणकातल्या तिच्या खान्यात शून्य घातलंय ना आपण?"

तात्यांचा घास हातातच राहिला. "शून्य न घालता बेरीज सुरू करणारा गाढव वाटलो का मी तुम्हाला?"

"तसं नाही हो."

"पहिली गोष्ट शून्य. पाटी पुसल्याशिवाय मी आयुष्यात गणित मांडलेलं नाही. तुमच्या सिस्टिमचं काय ते बघा!"

"बरं," जावई म्हणाला, आणि त्यानं प्रोग्रामचं ते पान उघडून बघितलंच नाही. दुसऱ्या कोणाचा प्रोग्राम असता तर त्यानं विचारलंही नसतं, सरळ उघडून बघितलं असतं. पण सासऱ्याचा शब्द पडताळून बघायचा म्हणजे त्यांच्या ताटात डोकावण्यासारखं वाटलं त्याला. मग तो दशांश चिन्हापुढचे आकडे तपासत बसला, पावसाच्या नोंदी तपासत बसला, नको तिथं खणत बसला. एवढं शिकलेला माणूस, पण जावई झाला की अक्कल थोडी गहाण पडतेच.

तात्याही स्वस्थ नव्हते. ते रोज रात्री घरी काम करत बसलेल्या जावयाच्या मागं उभे राहून पडद्याकडे डोळे बारीक करून बघत आणि कुरकुरत. अक्षरं पुसट आहेत, पडदा फिका आहे, नव्या सिस्टिमला धड लिहिताही येत नाही. पुढं पुढं वर्तमानपत्रही पुसट झालं. मग भिंतीवरचं घड्याळही. तेव्हा मात्र त्यांनी लेकीला जाहीर केलं, "मला मोतीबिंदू झालाय. दोन्ही डोळ्यांत."

त्याच आठवड्यात संचालकबाईंनी तात्यांना केंद्रात बोलावून घेतलं. बाई तात्यांच्या काळात नव्यानं लागलेल्या. तात्यांना अजूनही ‘सर’ म्हणत. खुर्ची पुढं सरकवली, पाणी दिलं, आणि मग बोलल्या, "सर, रागावू नका. दर खेपेला वेगळा आकडा देणाऱ्या प्रोग्रामच्या भरवशावर मी लोकांना घराबाहेर काढू शकत नाही. सोमवारी बैठक आहे. तोवर जुळलं तर उत्तमच. नाही तर बाहेरचा तयार प्रोग्राम घ्यावा लागेल."

"घ्या की," तात्या म्हणाले. आवाज कोरडा ठेवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला.

बाई पुढं म्हणाल्या, "आणखी एक विचारायचं होतं. बैठकीत कोणी तरी विचारणारच, म्हणून आधी मीच विचारते. मोठ्या पुराच्या वेळचा आपला आकडा... तो बरोबर होता, की नशिबानं जुळला?"

तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. नवा प्रोग्राम येवो, जुना जावो; निवृत्त माणसाला अशा गोष्टींची सवय करावीच लागते. पण ही रेघ नशिबाची असेल, तर मग ते आयुष्यभर कशावर मान ताठ ठेवून हिंडले? आणि माणसं वाचली ती काय, पत्त्याचा डाव बरा पडला म्हणून?  घरी आल्यावर ते जेवण अर्ध्यावर टाकून उठले. जावयानं लेकीकडे बघितलं, लेकीनं जावयाकडे. प्रोग्रामला औषध नाही, पण डोळ्यांना तर असेल, असं म्हणून दुसऱ्या दिवशी लेक त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तात्यांना उंच खुर्चीत बसवलं, दिवे लावून, मालवून डोळे तपासले, भिंगातून बघितलं, आणि मग तात्यांचा चष्मा हातात घेऊन उजेडाकडे धरला. काही न बोलता टेबलावरच्या बाटलीतलं पाणी त्यावर फवारलं, मऊ फडक्यानं दोन्ही काचा पुसल्या आणि चष्मा परत त्यांच्या नाकावर ठेवला.

"वाचा, काका. समोरच्या पाटीवरची सगळ्यात खालची ओळ."

तात्यांनी खालची ओळ वाचली. मग तिच्याखाली बारीक अक्षरांत छापलेलं छापखान्याचं नावही वाचलं.

"मोतीबिंदू नाही. धूळ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज पुसत जा चष्मा."

"पुसायचा कशाला? माझा चष्मा मळत नाही," तात्या ठामपणे म्हणाले. "इतकी वर्षं चष्मा लावतोय. कधी पुसावा लागला नाही."

लेक आधी गालातल्या गालात हसली, मग तिला आवरेना, आणि ती ओढणीचं टोक तोंडावर धरून खुर्चीतच वाकली. "अहो तात्या! तुम्ही आंघोळीला गेलात की आई पुसून ठेवते. रोज. मी शाळेत होते तेव्हापासून बघतेय."

"माझा?"

"मग काय शेजाऱ्यांचा? तुम्हाला वाटतं तो स्वच्छच असतो."

 तात्यांनी चष्मा काढला, आयुष्यात पहिल्यांदाच बघत असल्यासारखा उलटा-सुलटा बघितला आणि परत लावला.  रोज सकाळी आंघोळ करून आले की चष्मा खिडकीपाशी ठेवलेला असायचा, दांड्या मिटून, काचा वर करून. आपण रात्री तो कुठंही टाकतो, कधी उशीखाली, कधी वर्तमानपत्रात. मग सकाळी तो खिडकीपाशी कसा येतो, हा प्रश्न या शास्त्रज्ञाला एकदाही पडला नव्हता. एकदाही! नदीच्या पाण्याचा थेंब न् थेंब कुठून येतो ते सांगणारा माणूस.

बाहेर रस्त्यावर सगळं लख्ख दिसत होतं. शिंप्याची पाटी, औषधाच्या दुकानातले बारीक भाव, समोरून येणाऱ्या बसचा नंबर. लेक रिक्षा बघत होती आणि तात्या मात्र चालता चालता रस्त्याच्या कडेलाच थबकले.

"स्वच्छच असतो," ते स्वतःशी म्हणाले. "आपल्याला वाटतं, तो स्वच्छच असतो."

"काय झालं, तात्या?"

"रिक्षा केंद्रावर घ्यायला सांग. घरी नको."

जावई त्याच्या टेबलाशी डोकं धरून बसला होता. तात्या आत शिरले ते बसलेही नाहीत. "जावईबापू, उपनद्यांचं पान काढा. जिथं आपण सिस्टिमकडे प्रत्येक उपनदीसाठी जागा मागतो, ते."

जावयानं ते पान काढलं. तात्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत खाली आले. जागा मागितली. पाऊस घेतला. बेरीज सुरू. बोट पुन्हा वर गेलं. जागा मागितली. पाऊस घेतला. बेरीज सुरू. मध्ये काही नव्हतं.

"शून्य कुठाय?" तात्यांनी विचारलं.

 जावयाला दिसत होतं, पण सासऱ्याच्या तोंडावर म्हणणार कसं?

"नाही," तात्यांनीच म्हणून टाकलं. "शून्य नाही. मी घातलंच नाही. आणि इतकी वर्षं छातीठोकपणे सांगतोय की घातलंय." ते खुर्ची ओढून बसले. "जुनी सिस्टिम जागा द्यायची ती आधी पुसून द्यायची, जावईबापू. न मागता. मला प्रत्येक खाना कोरा मिळायचा, त्यात शून्यच असायचं. आयतं. मला वाटलं, माझ्या हातून पाटी कोरीच निघते."

"आणि नवी जागा देते, पण पुसून देत नाही," जावई सावकाश म्हणाला, आणि मग एकदम ताठ झाला. "म्हणजे पहिली उपनदी उठून गेली की तिचं पाणी खान्यात तसंच! दुसरी येते ती त्याच उष्ट्यावर बसते. तिसरी दोघींच्या! आणि दर खेपेला जागा वेगळी, उष्टंही वेगळं, म्हणून आकडाही वेगळा!"

"नवीचा काय दोष? पुसून दे, असं आपण तिला सांगितलंच कुठं?"

"तात्या, मी बघायला हवं होतं. पहिल्याच दिवशी शंका आली होती मला."

"आली होती, आणि मी तुमच्यावर खेकसलो. तुमच्या जागी मीही गप्प बसलो असतो. पुढच्या वेळी मात्र बसू नका. सासरा झाला म्हणून काय तो शून्य घालतोच असं नाही." तात्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो तिथंच जरा जास्त वेळ राहिला. "दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं असतं ना हे काम, तर केव्हाच फेकून दिलं असतं त्यानं. तुम्ही रोज उपसत बसलात. माझं भाग्य म्हणायचं."

 दहाव्या ग्रहाशी असं कोणी बोलत नाही. जावयानं मान खाली घातली आणि ओळ लिहायला घेतली. ओळ एवढीशीच: जागा मिळाली की आधी सगळ्या खान्यांत शून्य.

"बाजूला शेरा काय लिहू?" त्यानं विचारलं. प्रोग्राममध्ये पुढं वाचणाऱ्या माणसासाठी असे शेरे लिहून ठेवतात; संगणक ते वाचत नाही.

तात्यांनी क्षणभर विचार केला. "लिहा: पाटी आधी स्वतः पुसून घ्यावी. आजवर दुसऱ्यानं पुसून दिली, त्याचे आभार."

मग मोठ्या पुराचं वर्ष घातलं. मुख्य नदी, पहिली उपनदी, दुसरी, तिसरी, सगळ्या. प्रोग्राम चालला आणि पडद्यावर पुलाची पातळी आली. जावयानं पुन्हा चालवला. तीच. पुन्हा. तीच. तो आकडा तात्यांना पाहायची गरज नव्हती, तो त्यांना आपल्या जन्मतारखेसारखा पाठ होता. तरी त्यांनी तो वाचला, आणि पुसलेल्या काचांतूनही त्यांना तो पुसट दिसायला लागला. या वेळी धूळ नव्हती.

संचालकबाई स्वतः खाली आल्या. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "म्हणजे सर, प्रोग्राममध्ये चूक होती, तरी उत्तर बरोबर होतं?"

"चूक होती. आणि नदीचं गणित खरं होतं," तात्या म्हणाले. "रेघ नशिबाची नव्हती, बाई. पण एकट्या माझीही नव्हती. माझ्या आधी येऊन कोणी तरी रोज पाटी पुसून जात होतं. ते कोण, कुठले, मला माहीतही नाही. बैठकीत हेसुद्धा सांगा."

बाईंनी बैठकीत ते सांगितलं, आणि तात्यांचं पाणी नव्या घरात राहिलं.

त्या संध्याकाळी तात्यांनी माईंना फोन लावला. मनाशी पुष्कळ जुळवून ठेवलं होतं. पण पलीकडून "अहो, काय झालं? बरं आहे ना?" असा घाबरा आवाज आला, कारण फोन नेहमी माईच करत.

"बरं आहे. सहज केला."

"सहज?" माईंची काळजी वाढलीच. "ताप वगैरे नाही ना?"

"नाही गं. तिकडे हवा कशी आहे?"

"हवा?" माई म्हणाल्या. "लेकीला फोन द्या बघू."

तात्यांनी मुकाट्यानं लेकीला फोन दिला. मोठमोठ्या नद्यांचं बोलणं सोपं असतं, हे एवढंसं अवघड जातं. पण त्यांना मनापासून उमगलं होतं, की आपण ज्याला आपली हुशारी म्हणत आलो त्यातला मोठा भाग आयता होता. आणि त्याची लाज वाटण्याऐवजी त्यांना चक्क बरं वाटत होतं. इतकी माणसं आपल्यासाठी झटली, म्हणजे आपण तसे श्रीमंतच की!

बहीण हिंडूफिरू लागल्यावर माई परत आल्या. तात्याही आपल्या घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आंघोळीला गेल्याचा आवाज ऐकून माई सवयीनं खोलीत आल्या. उशी उचलली, वर्तमानपत्र झटकलं. चष्मा कुठंच नव्हता. तो खिडकीपाशी होता, दांड्या मिटून, काचा वर करून. माईंनी उचलून उजेडाकडे धरला. स्वच्छ होता. हातातलं फडकं हातातच राहिलं आणि आता काय करावं, हे त्यांना क्षणभर सुचेना.

मग त्यांना दिसलं, की शेजारी त्यांचा स्वतःचाही चष्मा ठेवला आहे. वाचायचा, जो त्या नेहमी लुगड्याच्या, साडीच्या, जे हाती येईल त्याच्या टोकानं घाईघाईत पुसत आल्या होत्या. आज तो कोणी तरी पाण्यानं धुऊन पुसला होता. पुसणाऱ्याला सवय नव्हती हे उघड दिसत होतं. एका काचेच्या मधोमध अंगठ्याचा भला मोठा ठसा उमटला होता.

तात्या डोकं पुसत बाहेर आले. माई चष्मा लावून खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या.

"नीट दिसतंय ना?" तात्यांनी जरा भीतभीतच विचारलं.

"लख्ख," माई म्हणाल्या, आणि त्या ठशाच्या कडेनं वाचत राहिल्या. दिवसभर त्यांनी तो पुसला नाही.